शहाणी झाली म्हणजे मोठी झाली का?

मैत्रिणींनो, आपल्याकडे मुलीला पहिल्यांदा पाळी आली की म्हणतात, मुलगी शहाणी झाली. कुणी म्हणतं वयात आली, कुणी म्हणतं पदर आला. शब्द किती गोड आहेत! पण खरं सांगा, बारा-तेरा वर्षांची पोर एका रात्रीत शहाणी कशी होईल? काल संध्याकाळपर्यंत ती अंगणात लंगडी घालत होती आणि चार दिवसांनी तिला पुन्हा लंगडीच घालायची असते. बदलतो ते आपण. आपली नजर बदलते, आवाज बदलतो. आणि घरातलं कुणीतरी हळूच म्हणायला लागतं, की आता एखादं बरं स्थळ बघून ठेवायला हवं.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. परवा दुपारी दळण टाकून येताना त्या माझ्याकडे टेकल्या. त्यांची नात नववीत आहे. चुणचुणीत पोर. तिच्यासाठी नात्यातलंच एक स्थळ चालून आलंय. मुलाकडच्यांची काही मागणी नाही, दहावी झाली की लग्न करू, आत्ता नुसती सुपारी फोडून ठेवू, असं चाललंय. काकूंच्या मुलाला हे पसंत आहे, सुनेला नाही, आणि काकू मधल्या मध्ये. त्यांचं म्हणणं असं, की घरातलाच मुलगा आहे, पोर डोळ्यांसमोर राहील, शिवाय लग्न झालं तरी लगेच थोडीच नांदायला पाठवायची आहे?

काकूंचं बोलणं ऐकताना मला सारख्या रखमाबाई आठवत होत्या. डॉक्टर रखमाबाई. शाळेच्या पुस्तकात आपल्याला आनंदीबाई जोशी भेटतात, रखमाबाईंचं नाव मात्र बऱ्याच जणींच्या कानावरून नुसतंच गेलेलं असतं. त्यांच्यावर पुस्तकं निघाली, २०१६ मध्ये एक मराठी चित्रपटही आला. त्या कोर्टकचेरीवाल्या रखमाबाई, एवढं आपल्याला माहीत असतं. पण काकूंना त्या दुपारी मी त्यांची गोष्ट सांगितली ती जरा वेगळ्या टोकाकडून. वयात आलेल्या एका मुलीला मोठं व्हायला वेळ मिळाला, तर काय होतं, त्या टोकाकडून. तीच आज तुम्हालाही सांगते.

आईचं वय आणि लेकीचं वय

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. आईचं नाव जयंतीबाई, वडिलांचं जनार्दन पांडुरंग. घर सुतार समाजातलं, खाऊनपिऊन सुखी. जयंतीबाईंचं लग्न झालं चौदाव्या वर्षी, पंधराव्या वर्षी त्या आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. आज ज्या वयात आपल्या मुली बारावीच्या क्लासला सायकलवरून जातात, त्या वयात या बाईचा संसार मांडून झाला होता आणि मोडूनही झाला होता! रखमा तेव्हा अडीच वर्षांची होती.

पण जयंतीबाईंचं नशीब थोडं बरं म्हणायचं. त्यांच्या समाजात विधवेला पुन्हा लग्न करायची मोकळीक होती. सहा वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. तेही विधुर होते. लग्नाआधी पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता जयंतीबाईंनी लेकीच्या नावावर केली. ही मालमत्ता लक्षात ठेवा हं, पुढे तिचा संबंध येणार आहे.

डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतलं मोठं नाव. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवायचे, वनस्पतींचा त्यांना गाढा अभ्यास. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही संस्था १८८३ मध्ये आठ जणांनी स्थापन केली, त्यात दोनच भारतीय होते आणि त्यातले एक हे. घरात पुस्तकं, येणारे-जाणारे शिकलेले, चर्चा सुधारणेच्या. अशा घरात वाढलेल्या मुलीचं लग्न किती वर्षांची असताना व्हावं?

अकरा!

हो, अकरा. सुधारकाचं घर असूनही. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस-वीस, डॉक्टरांच्या नात्यातलाच. घरातलंच स्थळ, बरं का काकू, असं मी मुद्दाम म्हटलं. ठरलं असं, की दादाजीने घरजावई म्हणून राहायचं, डॉक्टर त्याला शिकवून मार्गाला लावतील. म्हणजे पोर डोळ्यांसमोर राहील आणि जावईही हाताखाली तयार होईल. प्रत्येकाने आपापल्या परीने पोरीचं भलंच पाहिलं होतं. पोरीला मात्र कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी अकराव्या वर्षी तिने काय सांगितलं असतं?

दारात उभा राहिलेला डॉक्टर

लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाला पाळी आली. त्या काळात असं झालं की मुलीला मखरात बसवायचे, ओटी भरायचे, गोडधोड व्हायचं आणि पाठोपाठ ऋतुशांती, म्हणजे गर्भाधानाचा विधी. सोप्या भाषेत सांगायचं तर त्या दिवसापासून ती पोर नवऱ्याच्या खोलीत जायची. धर्माची तशी आज्ञा आहे असंच लोक मानत होते आणि ते टाळणं म्हणजे पाप.

डॉक्टर सखाराम अर्जुन यांनी इथे मात्र नाही म्हटलं. लग्न थांबवणं त्यांना जमलं नव्हतं, पण आता ते अडून बसले. पोर लहान आहे, तिचं शरीर अजून तयार नाही, हे एका डॉक्टरला कळत होतं. दादाजी नाराज झाला, नातेवाईक कुजबुजले, तरी ते हलले नाहीत.

त्यांना काय दिसत होतं? आज आपल्याला ते कुठल्याही बाईच्या डॉक्टर समजावून सांगतात. पाळी आली म्हणजे शरीराने कामाला फक्त सुरुवात केलेली असते. मुलीची उंची त्यानंतरही वाढते. कमरेचं हाड, ज्यातून बाळाला बाहेर यायचं असतं, ते तर पुढे कित्येक वर्षं रुंदावत राहतं. तिचं स्वतःचंच अंग भरायचं असतं, त्याला रक्त हवं, लोह हवं, कॅल्शियम हवं. त्यात पोटात बाळ आलं, की एकाच ताटात दोघींना जेवायला बसवल्यासारखं होतं. पोर अशक्त, बाळ कमी वजनाचं, अडलेलं बाळंतपण, रक्तदाब वाढून येणारे झटके. यातलं काहीही होऊ शकतं. आणि मनाचं तर बोलायलाच नको. ते शरीराच्याही मागून येतं.

बालपण संपलंय पण मोठेपण आलेलं नाही, अशा या मधल्या वर्षांना आता किशोरवय म्हणतात. दहा ते एकोणीस हा त्याचा हिशेब. या वयाच्या मुलामुलींसाठी वेगळे डॉक्टर हवेत, वेगळा विभाग हवा, हा विचार वैद्यकशास्त्रात फार उशिरा रुजला. अमेरिकेत बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात असा स्वतंत्र विभाग सुरू झाला तो १९५१ मध्ये. आपल्याकडे सरकारने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आणला तो २०१४ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १८७६ च्या आसपास, गिरगाव-गिरणगावाच्या त्या मुंबईत एक सावत्र बाप लेकीच्या खोलीच्या दारात उभा राहिला होता. त्याच्याकडे ना सरकारी कार्यक्रम होता ना कायदा. होतं ते डॉक्टरकीचं ज्ञान आणि बापाची माया.

त्या एका नकारामुळे रखमाला काय मिळालं? वर्षं मिळाली. शाळा सुटली होती, पण मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणून ती घरी वाचायला लागली. इंग्रजी शिकली. घरी येणाऱ्या बायकांशी, पाहुण्यांशी बोलून जग बघायला लागली. बाराव्या वर्षी आई व्हायच्या ऐवजी ती बाराव्या वर्षी वाचत होती. फरक एवढाच. पण केवढा!

दादाजीचा दावा

आता दादाजीकडे वळू. त्याला शिक्षणाची गोडी लागली नाही. एवढ्या मोठ्या वयात पोरांबरोबर शाळेत बसायची त्याला लाज वाटायची. आईच्या निधनानंतर तो डॉक्टरांचं घर सोडून मामाकडे, नारायण धुर्माजीकडे राहायला गेला. तिथलं वातावरण काही चांगलं नव्हतं. रिकामपण आणि कर्ज दोन्ही वाढत गेलं. रखमाच्या नावावरची मालमत्ता, जी मघाशी लक्षात ठेवा म्हटलं, तिच्यावर त्याची नजर गेली. बायको घरी आली की मालमत्ताही येईल आणि कर्ज फिटेल, असा सरळ हिशेब होता.

रखमाने त्या घरी जायला नकार दिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. शेवटी मार्च १८८४ मध्ये दादाजीने वकिलामार्फत पत्र पाठवलं आणि मग प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं. बायकोने नांदायला यावं, असा आदेश कोर्टाने द्यावा, ही मागणी.

तिने काय उत्तर दिलं असेल? नवऱ्याला मला पोसण्याची ऐपत नाही, तो ज्या घरात राहतो ते घर चांगलं नाही, हे तर होतंच. पण सगळ्यांना झोंबलं ते दुसरंच. ज्या वयात मला कशाचीच समज नव्हती, त्या वयात लागलेल्या लग्नाला मी बांधील नाही, असा तिचा पवित्रा होता. आज साधं वाटतं हे वाक्य. १८८५ मध्ये एका हिंदू बाईने हे म्हणणं म्हणजे बाँबगोळाच होता. त्या काळात इंग्रजी कायद्यात बायकोच्या संमतीचा प्रश्नच येत नव्हता. दंडविधानाने एकच मर्यादा घातली होती, बायको दहा वर्षांची तरी हवी. दहा!

दुर्दैव असं, की खटला उभा राहत असतानाच एप्रिल १८८५ मध्ये डॉ. सखाराम अर्जुन गेले. दारात उभा राहणारा माणूसच राहिला नाही. आता तिचं तिलाच उभं राहायचं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीच्या नावाने दोन पत्रं छापून आली. एक बालविवाहावर, दुसरं विधवांच्या हालांवर. लिहिणारी रखमाबाईच होती. लहानपणी लग्न लागलेल्या मुलीचं शिक्षण कसं खुंटतं, मन कसं कोमेजतं, पुरुषाला मात्र काहीच सोडावं लागत नाही, हे तिने त्यात मांडलं. वय वर्षं वीस. आता तिला ती म्हणणं पुरे, इथून पुढे आपण त्यांना रखमाबाईच म्हणू.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अजाण वयात लग्न लावलेल्या आणि नवऱ्याबरोबर कधी राहिलेल्याच नसलेल्या बाईला जबरदस्तीने त्याच्या हवाली करता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आनंद व्हावा असाच निकाल! पण देशभर गदारोळ उठला. परक्या सरकारच्या कोर्टाने आमच्या धर्मात हात घालावा, हे अनेकांना सहन झालं नाही. लोकमान्य टिळकांनी केसरीतून या निकालावर कडाडून टीका केली. एवढा मोठा माणूस, स्वराज्यासाठी झिजलेला, पण या प्रश्नात तो रखमाबाईंच्या विरुद्ध बाजूला होता, हेही आपल्याला माहीत असायला हवं. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक आणि पंडिता रमाबाई रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले.

घर की तुरुंग?

दादाजीने अपील केलं. १८८६ मध्ये वरच्या न्यायाधीशांनी पिन्ही यांचा निकाल फिरवून खटला परत पाठवला. आणि ४ मार्च १८८७ ला न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम झाला. एका महिन्याच्या आत नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगवास.

रखमाबाईंनी सांगितलं, मी तुरुंगात जाईन.

क्षणभर थांबून या तारखेकडे बघा. त्याच्या बरोबर सहा दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. वय अवघं एकवीस. नवव्या वर्षी लग्न झालेलं, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि ते बाळ दहा दिवसांत गेलेलं. त्या दुःखातून उठून आनंदीबाई अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, आणि रोग्याला तपासायच्या आधीच क्षयाने त्यांना नेलं. एक मराठी मुलगी डॉक्टर होऊन गेली आणि त्याच आठवड्यात दुसरीला कोर्टाने घर की तुरुंग असं विचारलं. ही दुसरीच पुढे पस्तीस वर्षं डॉक्टरकी करणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

प्रकरण विलायतेपर्यंत गाजलं, तिथल्या वर्तमानपत्रांत चर्चा झाली. इंग्लंडच्या राणीने मधे पडून रखमाबाईंचं लग्न मोडून दिलं, असंही आपल्याकडे ठिकठिकाणी लिहिलेलं आढळतं. ऐकायला छान वाटतं, पण झालं ते वेगळंच. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाईंनी दादाजीला दोन हजार रुपये द्यायचे आणि दादाजीने हुकमाची अंमलबजावणी मागायची नाही. रुपये मोजून त्यांनी आपली सुटका विकत घेतली.

आणि सुटका तरी कसली? लग्न कायद्याने मोडलं नव्हतंच. हिंदू बाईला घटस्फोटच नव्हता. दादाजीने पुढच्याच वर्षी दुसरं लग्न केलं, पुरुषाला मुभा होती. रखमाबाई मात्र कागदोपत्री त्याच्या बायकोच राहिल्या. १९०४ मध्ये दादाजी वारले तेव्हा चाळिशीला टेकलेल्या या डॉक्टरीणबाई पांढरं लुगडं नेसायला लागल्या, असं त्यांच्या चरित्रात येतं. ज्याच्याबरोबर एक दिवस संसार केला नाही, त्याच्यासाठी पांढरं लुगडं! का केलं असेल त्यांनी असं? मला वाटतं, ज्या समाजात राहून बायकांवर उपचार करायचे, त्या समाजाशी आणखी एक भांडण नको, असं असेल. की आणखी काही? पूर्ण उलगडत नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या पोटातही अशा कितीतरी गोष्टी राहिल्या, नाही का?

डॉक्टर रखमाबाई

तडजोडीनंतर त्या गप्प घरी बसल्या असत्या तरी कुणी नावं ठेवली नसती. पण मुंबईच्या कामा हॉस्पिटलात तेव्हा डॉ. एडिथ पीची नावाच्या इंग्रज बाई होत्या. स्वतः भांडून डॉक्टर झालेल्या. त्यांनी रखमाबाईंना डॉक्टर व्हायचा ध्यास लावला. पैसा उभा राहिला आणि १८८९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, रखमाबाई बोटीने इंग्लंडला निघाल्या. लंडनच्या बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिक्षण, मग स्कॉटलंडमध्ये परीक्षा, आणि १८९४ मध्ये बेल्जियममधल्या ब्रुसेल्सची एम.डी.

इकडे त्यांच्या माघारी देशात मोठी घटना घडली. १८९० मध्ये कोलकात्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने रक्तस्राव होऊन मेली. नवरा तिशीच्या पुढचा. मुलीने दहा वर्षं ओलांडलेली होती, म्हणून त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही. त्याला फक्त एक वर्षाची सक्तमजुरी झाली. हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासहून जास्त स्त्री-डॉक्टरांनी आपल्या डोळ्यांसमोर आलेल्या अशा केसेस लिहून सरकारकडे अर्ज केला. विलायतेत शिकत असलेल्या रखमाबाईंनीही तिथल्या मासिकात बालविवाहाविरुद्ध लेख लिहिला. शेवटी १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाची मर्यादा बारावर आली. दोन वर्षांसाठी एवढं रामायण!

१८९५ च्या सुमाराला रखमाबाई परत आल्या आणि सुरतेच्या बायकांच्या दवाखान्याच्या प्रमुख झाल्या. आपल्या देशात प्रत्यक्ष रोगी तपासणाऱ्या अगदी पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांपैकी त्या एक. कल्पना करा, पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायची नाही असा तो काळ. बाळंतपण म्हणजे अंधारी खोली, धुरी आणि सुईण. दवाखान्याची पायरी चढायचीच भीती. त्यातच १८९६ पासून मुंबई इलाख्यात प्लेग धुमाकूळ घालत होता. अशा वेळी लुगडं नेसलेली, आपली भाषा बोलणारी, आपल्यातलीच एक बाई डॉक्टर म्हणून समोर बसलेली असणं, याचा केवढा आधार वाटला असेल!

आणि त्यांच्यासमोर येत कोण असतील? आजच्या हिशेबाने शाळकरी म्हणाव्या अशा मुली. तेराव्या-चौदाव्या वर्षी पोटुशी राहिलेल्या, पंधराव्या वर्षी दुसऱ्यांदा अडलेल्या. आपल्या आईचं आयुष्य रखमाबाईंना रोज नव्याने दिसत असणार. आणि कोर्टाचं ऐकलं असतं तर जे आपलं झालं असतं, तेही.

सुरतेत वीसहून जास्त वर्षं काढल्यावर १९१८ मध्ये त्या राजकोटच्या सरकारी जनाना दवाखान्यात गेल्या. सरकारच्या वैद्यकीय सेवेतली मोठी जागा चालून आली होती, ती त्यांनी घेतली नाही. राजकोटला रेड क्रॉसचं काम उभं केलं. जवळजवळ पस्तीस वर्षांच्या डॉक्टरकीनंतर निवृत्त होऊन मुंबईला आल्या, आणि तिथेही स्वस्थ बसल्या नाहीत. पडदापद्धत बंद व्हायला हवी म्हणून पुस्तिका लिहिली.

२५ सप्टेंबर १९५५ ला त्या गेल्या. नव्वदी ओलांडली होती. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता आणि हिंदू बाईला पहिल्यांदा देशभर घटस्फोटाचा हक्क मिळाला होता. ज्यासाठी त्यांनी दोन हजार रुपये आणि उमेदीची चार वर्षं मोजली, ते आता कायद्याच्या पुस्तकात आलं. स्वतःला उपयोग नव्हता, पण डोळ्यांनी बघून गेल्या. मात्र नांदायला यावं म्हणून दावा लावायची तरतूदही त्याच कायद्यात कलम ९ म्हणून राहिली, तीही इथे सांगायला हवी.

काकूंचा प्रश्न

गोष्ट संपली तरी काकू उठल्या नाहीत. त्यांनी मला एकच विचारलं. एवढा शिकलेला बाप आणि एवढं सोसलेली आई, मग त्यांनी अकराव्या वर्षी लग्न लावलंच कसं?

मैत्रिणींनो, खरं सांगते, याचं चोख उत्तर माझ्याकडे नव्हतं. जिने चौदाव्या वर्षी लग्न आणि सतराव्या वर्षी वैधव्य भोगलं, तिनेच लेकीला अकराव्या वर्षी बोहल्यावर बसू दिलं. वाईट वागायचं म्हणून नाही. सगळेच करतात म्हणून, घरातलाच मुलगा म्हणून, पोर डोळ्यांसमोर राहील म्हणून. काकूंनी मघाशी जे जे सांगितलं होतं, ते सगळं तिथेही होतंच.

आज कायदा मुलीच्या बाजूने आहे. १८ च्या आत लग्न लावणं २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. लग्नाची बायको असली तरी १८ च्या आत शरीरसंबंध म्हणजे बलात्कारच, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं. बाराचे अठरा व्हायला १८९१ पासून सव्वाशे वर्षं गेली! तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या महाराष्ट्रात विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वर्षांच्या, शंभरातल्या जवळजवळ बावीस जणींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. आणि देशातल्या १५ ते १९ वयाच्या दहातल्या सहा मुलींच्या अंगात पुरेसं रक्त नव्हतं. म्हणजे पोरगी शहाणी झाली, असं आपण म्हणतो तेव्हा ती बिचारी साधी धडधाकटही झालेली नसते.

म्हणून मला वाटतं, मुलीला पाळी आली की ओटी भरा, गोड करा, हौस करा. पण त्याच आठवड्यात तिला एकदा डॉक्टरकडे न्या. रक्त तपासा. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलामुलींसाठी सल्ला मिळतो, तिथे तिला एकटीला डॉक्टरांशी बोलू द्या, आपण जरा बाहेर थांबा. तिला जे विचारायचं असतं ते आईसमोर विचारता येत नाही. शाळेत आणि दवाखान्यातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या ती खरंच घेते का बघा. आणि कुणी सुपारीची गोष्ट काढली तर स्पष्ट सांगा, ही वर्षं तिची आहेत. कुठे लहान मुलीचं लग्न लागतंय असं कळलं तर १०९८ वर फोन करता येतो. तो रात्रीबेरात्रीही चालतो.

काकूंचं पुढे काय झालं? सुपारी फुटली नाही, अजून तरी. मुलगा घुश्शात आहे. मुलाकडचे दुसरीकडे बघतो म्हणाले. पण काकूंनी सांगून टाकलंय, की नात बारावी होईपर्यंत या घरात हा विषय नको, आणि सुनेच्या बाजूने त्या ठाम राहिल्यात. परवा पोर माझ्याकडे आली होती, विज्ञानाचं पुस्तक घेऊन. जीवशास्त्राचा धडा समजत नव्हता म्हणे.

तिला कुठल्या डॉक्टरीणबाईंची गोष्ट आधी सांगायची, हे मी ठरवून ठेवलंय. आणि तुमच्या गल्लीत, तुमच्या घरात अशी एखादी पोर असेल, तर तिच्या दारात कोण उभं आहे, ते एकदा बघाल ना?